अंतराळयानातली शेती आणि दहा बाय दहाच्या खोलीचा हिशोब

वाळवा, पलूस, तासगाव भागातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातोय. सार असं: अंतराळवीर यानातच पिकवलेलं खातात, पाणी, खत, हवा सगळं आतल्या आत फिरतं, बाहेरून काही लागत नाही, तेच तंत्र वापरून दहा बाय दहाच्या बंद खोलीत चौघांच्या कुटुंबाचं वर्षभराचं अन्न निघतं. खाली सेटअप विकणाऱ्याचा नंबर.

‘अंतराळवीर यानात पिकवलेलंच खातात.’ चवीपुरतं खातात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ‘व्हेजी’ नावाची पेटी २०१४ मध्ये बसवली. १० ऑगस्ट २०१५ ला तिच्यातला तांबडा लेट्यूस अंतराळवीरांनी खाल्ला, तोही पानं सायट्रिक आम्लाच्या पुसण्यांनी पुसून. पेटीत एका वेळी सहाएक रोपं मावतात. २०२१ मध्ये दुसऱ्या, मोठ्या पेटीत मिरची आली. बाकी जेवण मालवाहू यानातून वर जातं. आपल्याकडचे दाखलेही त्या मजकुरात आहेत: इस्रोच्या पीएसएलव्ही-सी६० रॉकेटबरोबर गेलेल्या चवळीच्या आठ बिया चार दिवसांत उगवल्या आणि अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी २०२५ मध्ये स्थानकावर मूग-मेथीला मोड आणले. दोन्ही खरं, आणि अभिमान वाटावा असंच. पण मोड येतात ते बियाण्यातल्या साठ्यावर. त्यात अन्नाची भर पडत नाही, उलट थोडा साठा खर्ची पडतो.

‘दहा बाय दहाच्या खोलीत चौघांचं अन्न.’ इथे सरळ गणित मांडू. एका माणसाला दिवसाला २,००० किलोकॅलरी धरल्या तर साधारण ६०० ग्रॅम गहू लागतो. दिव्याखाली चौरस मीटरमागे दिवसाला १५ ग्रॅम दाणा मिळाला तरी चांगलंच म्हणायचं. म्हणजे माणशी ४० चौरस मीटर. खोलीची फरशी सव्वानऊ चौरस मीटर. चार मजली रॅक लावून, चालायला वाट सोडून फार तर २० मिळतील. आता वीज. गव्हाला एवढं पिकवायचं तर चांगल्या प्रतीचे एलईडीही चौरस मीटरला २२० वॅटच्या घरात लागतात, तेही सोळा तास. ४० चौरस मीटरला रोज १४० युनिट. युनिट ८ रुपयांनी धरलं तर बिल अकराशेच्या वर, आणि हाती येणार वीस-पंचवीस रुपयांचा गहू. हे एका माणसाचं. शिवाय ही वीज शेवटी उष्णता होऊनच खोलीत राहते, ती बाहेर काढायला एसी वेगळा.

त्याच २० चौरस मीटरवर लेट्यूस घेतला तर दिवसाला दोनेक किलो पाला मिळेल. त्यात ३०० किलोकॅलरी. चौघांना हव्यात आठ हजार.

‘पाण्याचा थेंब वाया जात नाही, खतही आतच फिरतं.’ पाण्याबद्दल बरंचसं खरं आहे. लघवी, घाम, श्वासातली वाफ यांतलं ९८ टक्के पाणी परत मिळवता आलं, हे नासाने २०२३ मध्ये सांगितलं. मात्र हे काम ऊर्ध्वपातनाची यंत्रं आणि फिल्टर करतात; रोपांचा त्यात हात नाही. खताचं चक्र तर तिथे सुरूच झालेलं नाही. लघवीत आधी आम्ल आणि क्रोमियमचं संयुग मिसळतात. पूर्वी सल्फ्युरिक आम्ल वापरत. अंतराळात हाडं झिजतात, त्यामुळे लघवीत कॅल्शियम जास्त. ते सल्फेटशी जुळून जिप्सम व्हायचं आणि यंत्र तुंबायचं. क्षारपड रानात आपण पोत्याने टाकतो तेच जिप्सम. म्हणून पुढे फॉस्फरिक आम्लावर आले. पण क्रोमियम मिसळलेला उरलेला रस पिकाला घालता येत नाही. व्हेजीतल्या रोपांचं खत पृथ्वीवरूनच जातं, भाजलेल्या मातीच्या कणांत मिसळलेल्या, हळू विरघळणाऱ्या दाण्यांच्या रूपात.

समजा क्रोमियम टाळलं आणि जिवाणूंकडून युरियाचं नायट्रेट करून घेतलं. युरोपीय अंतराळ संस्थेचा ‘मेलिसा’ प्रकल्प अशाच साखळीवर १९८९ पासून झटतोय. तरी मीठ उरतंच. माणूस रोज दहाएक ग्रॅम मीठ खातो आणि जवळपास तेवढंच बाहेर टाकतो. पीक नत्र, पालाश उचलतं आणि सोडियम बहुतेक तसाच मागे ठेवतं. कृष्णाकाठी उसाला पाटाने भरमसाठ पाणी दिलं, निचरा नव्हता, आणि रानं पांढरी पडली. खोलीत माती नसते, खत विरघळवलेलं पाणी, म्हणजे द्रावण, टाकीतून मुळांना फिरवत राहतात. त्या बंद टाकीत तेच होतं, फक्त वर्षांऐवजी आठवड्यांत.

आकड्यांत बघा. समजा, बोअरच्या पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम सोडियम आहे, पीक चौरस मीटरला रोज ४ लिटर पाणी ओढतं, टाकीत चौरस मीटरमागे ४० लिटर द्रावण आहे. पिकाने सोडियम उचललाच नाही असं धरलं तर रोज लिटरमागे १० मिलिग्रॅमची भर. महिन्यात शंभराचे चारशे. द्रावणातले एकूण क्षार विजेच्या वहनावरून मोजणाऱ्या ईसी मीटरला सोडियम आणि पोटॅशियम यांतला फरक कळत नाही. तुम्ही ईसी २.० ला लावून ठेवलेला, मीटरही २.० दाखवतो, पण त्यात निम्म्याहून जास्त वाटा सोडियमच्या क्षारांचा. खत सोडणाऱ्या डोसिंग पंपाला वाटतं खत पुरेसं आहे, तो बंदच राहतो, आणि पीक भुकेलं राहून पानांच्या कडा करपतात. यावर उपाय तीनच: आरओचं पाणी वापरणं, लॅबमधून सोडियम-क्लोराइड तपासून घेणं, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी द्रावणाचा तिसरा हिस्सा काढून टाकणं. म्हणजे चक्र बंद राहिलं नाही. आरओ जे खारं पाणी बाहेर टाकतो, तेही हिशोबात धरा.

‘बंद खोलीत रोग शिरत नाही.’ स्थानकावरच्या झिनिया या फुलझाडाला २०१५ च्या अखेरीस बुरशी लागली. पानांवर पाणी साचलं होतं, हवा पुरेशी फिरत नव्हती. तपासात फ्युजेरियम निघाली. खोलीत तर २० चौरस मीटर पिकातून रोज ८० लिटरच्या आसपास वाफ निघते. ती काढली नाही तर आर्द्रता नव्वदीच्या वर जाते, मुळांकडून पाणी वर ओढलं जात नाही, त्याबरोबर जाणारं कॅल्शियम आतल्या कोवळ्या पानांपर्यंत पोचत नाही आणि कडा तपकिरी होतात. ओल्या पानावर काय होतं ते डाऊनी (केवडा रोग) बघितलेल्या द्राक्षबागायतदाराला सांगायला नको. त्यातून टाकी एकच, म्हणजे मुळं कुजवणारा पिथियम एका मुळात शिरला की सगळ्या रॅकला लागला. पाण्यावर यूव्ही दिवा लावाल तर तो चिलेटेड लोह (पिकाला घेता यावं म्हणून सेंद्रिय रेणूत बांधलेलं लोह) फोडतो, मग नवी पानं पिवळी.

ऑक्सिजनवर फार बोलायला नको. स्थानकावर तो पाण्याच्या विद्युत विघटनातून येतो. पिकाकडून घ्यायचा तर माणशी २० ते २५ चौरस मीटर हिरवं पीक लागतं, आणि उरलेला पालापाचोळा आतच कुजवला तर मिळालेल्यातला बराच परत खर्च होतो. अमेरिकेत ‘बायोस्फिअर २’ मध्ये १९९१ ला आठ जण बंद झाले; मातीतल्या जिवाणूंनी ऑक्सिजन इतका खाल्ला की तो २०.९ वरून १४ टक्क्यांच्या घरात उतरला आणि बाहेरून भरावा लागला. आपल्या घराला खिडकी आहे.

रोपवाटिका, मायक्रोग्रीन, हॉटेलला जाणारा पाला एवढ्यासाठी खोली उभारायची असेल तर तो वेगळा धंदा आहे, गिऱ्हाईक असेल तर चालतोही. पण ॲडव्हान्स देण्याआधी विक्रेत्याकडून चार आकडे कागदावर लिहून घ्या: प्रत्यक्ष पिकाखालचे चौरस मीटर, दिवे आणि एसी मिळून दिवसाचे युनिट, हवेतली वाफ काढणारा डीह्युमिडिफायर रोज किती लिटर पाणी काढतो, आणि महिन्याला किती द्रावण बाहेर टाकावं लागेल. चौथ्याचं उत्तर ‘शून्य’ आलं, तर त्याच्याच एखाद्या चालू सेटअपमधलं सहा महिने जुनं द्रावण बाटलीत भरून मागा आणि सोडियम तपासायला लॅबला द्या.