प्रॉक्झिमा बी: ‘दुसरी पृथ्वी’ म्हणण्याआधी तिचा तारा बघा

‘नासाला दुसरी पृथ्वी सापडली! फक्त 4 प्रकाशवर्षांवर. पाणी आहे, आणि तिचा तारा सूर्यापेक्षा थंड व शांत आहे.’ निळ्या समुद्रांच्या चित्रासह हा मजकूर पुन्हा फिरतोय. रोख प्रॉक्झिमा सेंटॉरी या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या प्रॉक्झिमा बी या ग्रहावर आहे.

‘नासाला सापडली’: नाही. 2016 मध्ये गियेम आंग्लादा-एस्कुदे यांच्या चमूने चिलीतल्या युरोपीय दक्षिणी वेधशाळेतून हा शोध जाहीर केला. ग्रह कुणाला दिसलेला नाही. त्याच्या ओढीने तारा किंचित डुलतो, तेवढं मोजलं गेलंय. निळे समुद्र चित्रकाराचे.

‘पाणी आहे’: पुरावा नाही. ग्रह ताऱ्याच्या वास्तव्ययोग्य पट्ट्यात आहे, हे खरं. पण तो पट्टा ताऱ्याच्या उजेडावरून आखतात. पुरेसं वातावरण असेल, तर पाणी द्रवरूप राहू शकेल, इतकाच त्याचा अर्थ. फॉरवर्ड होताना हा ‘तर’ गळून पडतो.

‘थंड, म्हणून शांत’: खरी गफलत इथे आहे. प्रॉक्झिमा तांबडा खुजा तारा आहे, वस्तुमान सूर्याच्या जेमतेम 12 टक्के. एवढ्या लहान ताऱ्यात गाभ्यापासून पृष्ठभागापर्यंत सगळा वायू उकळत्या रश्शासारखा वरखाली होत असतो. या घुसळणीतून आणि ताऱ्याच्या स्वतःभोवती फिरण्यातून जबरदस्त चुंबकीय क्षेत्र तयार होतं. क्षेत्ररेषा पिळवटतात, तुटून नव्याने जुळतात आणि साठलेली ऊर्जा ज्वालेच्या रूपात बाहेर पडते. मार्च 2016 मधल्या अशाच एका ज्वालेत तारा दृश्य प्रकाशात सुमारे 68 पट उजळला. एरवी दुर्बिणीशिवाय न दिसणारा हा तारा तेव्हा काळ्याकुट्ट आकाशात नुसत्या डोळ्यांना दिसला असता. 1 मे 2019 च्या ज्वालेत तर अतिनील प्रकाश काही सेकंदांत 14,000 पट वाढला. वयाने हा तारा साधारण सूर्याएवढाच, पण सूर्य निवळला. हा अजून धुमसतोय.

आता अंतर बघा. ग्रह ताऱ्यापासून सुमारे 73 लाख किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या विसाव्या हिश्शावर आहे. तेवढ्याच ताकदीच्या ज्वालेचा मारा तिथे 400 पट पडणार. आपल्याकडे 1 सप्टेंबर 1859 ला सूर्यावर मोठी ज्वाला उठली आणि तिच्यासोबत सुटलेल्या भारित कणांच्या लोटाने दुसऱ्या दिवशी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या नोंदींत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लाने (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) खचलं. 2016 ची प्रॉक्झिमाची ज्वाला त्या सौरज्वालेच्या कित्येक पट ऊर्जेची होती.

शिवाय रोजचा मारा वेगळाच. ग्रहाला एकूण उजेड पृथ्वीच्या दोन तृतीयांश मिळतो, पण क्ष-किरण आणि तीव्र अतिनील प्रारणं मात्र पृथ्वीच्या काही दशपट. त्यांनी वरचं वातावरण तापून फुगतं आणि हळूहळू अवकाशात निसटतं.

‘ग्रहाला चुंबकीय कवच असेल, तो वाचेल’: हा युक्तिवाद करणारे निदान वातावरणाचा विचार तरी करतात. पण कवच विद्युतभारित कण वळवतं. क्ष-किरण आणि अतिनील प्रकाश त्याला जुमानत नाहीत. उलट शुक्राला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही, तरी त्याच्या वातावरणाचा दाब पृथ्वीच्या 90 पट आहे. कवच आहे की नाही, एवढ्यावर निकाल लागत नाही.

‘म्हणजे तिथे जीव अशक्यच’ हे उलट टोकही मला पटत नाही. दाट वातावरण सुरुवातीपासून असेल, ज्वालामुखी त्यात भर घालत असतील, किंवा जीव पाण्याखाली असतील, तर गणित बदलतं. पण ते मोजायला हवं. ट्रॅपिस्ट-1 या तशाच ताऱ्याच्या सर्वांत आतल्या ग्रहावर अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीने ते केलं. ग्रह ताऱ्यामागे गेल्यावर उष्णता किती घटते, हे टिपलं. 2023 मध्ये आकडा आला: दिवसाच्या बाजूला सुमारे 230 अंश सेल्सिअस, आणि दाट वातावरणाची खूण नाही. तो ग्रह वास्तव्ययोग्य पट्ट्याच्या बराच आत आहे, म्हणून तोच निकाल प्रॉक्झिमा बीला लावता येत नाही. आणि प्रॉक्झिमा बी आपल्या दृष्टिरेषेत ताऱ्याच्या पुढून-मागून जाताना आढळलेला नाही, त्यामुळे ही युक्ती तिथे चालत नाही.