तेराचे साडेअकरा

वाद पेटला तो ॲस्पिरिनवरून: गरोदर बाईला ही गोळी रोज दिली तर दिवस भरायच्या आधीचं बाळंतपण टळतं का, हे पाहणाऱ्या प्रयोगावरून. उपकेंद्रासमोर गजूभाऊचा पानठेला, त्याला लागून सिमेंटचा कट्टा. पाच वाजले की तिथं आपोआप माणसं जमतात. निवृत्त आरोग्य सेवक देवराव काका, उपकेंद्राचा समुदाय आरोग्य अधिकारी निखिल, आशांच्या गटप्रवर्तक सुरेखाताई आणि हायस्कूलचे गणिताचे मेश्राम सर. बसला वेळ होता, खर्रा घोटणं सुरू होतं.

काका सुरुवातीलाच तापले. "आपल्या इकडच्या बायायवर हे प्रयोग कायले करून रायले म्हन्तो मी? गोळ्या खायच्या आमच्या पोरीयनं, अन् पेपर छापायचे दुसऱ्यायनं."

"काका, त्या प्रयोगात नागपूरची लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन होती, बेळगाव होतं," निखिल म्हणाला. "पाकिस्तान, केनिया, झांबिया, काँगो, ग्वाटेमालासुद्धा. सगळ्या मिळून 12 हजाराला थोड्या कमी पहिलटकरणी. अर्ध्या जणींना रोज 81 मिलिग्रॅम ॲस्पिरिन, अर्ध्या जणींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कोणाच्या वाट्याला कोणती आली ते बाईलाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. सुरुवात 6 ते 14 आठवड्यांच्या मधात, 37 वा आठवडा लागेपर्यंत रोज. निकाल 2020 ला लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आला."

"आकडा सांग," सर.

"दिवस भरायच्या आधी बाळंत झालेल्या. साध्या गोळीवाल्यांत 13.1 टक्के, ॲस्पिरिनवाल्यांत 11.6."

सरांनी खडूसारखं बोट हवेत फिरवलं. "म्हणजे शंभरात तेराच्या जागी साडेअकरा. दीड टक्क्याचा फरक. एक अकाली बाळंतपण टाळायला साधारण पासष्ट-सत्तर बायांनी सहा महिने गोळी खायची. पेपरवाले लिहितात 'अकरा टक्क्यांनी घट'. तेही खरंच, पण ऐकणाऱ्याला वाटतं शंभरातल्या अकरा वाचल्या. दोन्ही आकडे सोबतच सांगायला पाहिजेत."

"दीड टक्का तं दीड टक्का. गोळी काही रुपयायची. देऊन टाका सगळ्यायले."

इथं ताई मधात पडल्या, आणि माझ्या मते त्या दिवसाचा खरा मुद्दा इथून सुरू झाला. "काका, 14 आठवड्यांच्या आत द्यायची म्हणता, पण त्याच्या आत बाई कागदावर येते तरी का? पहिलं पोट असलं की तिसरा महिना सरल्याशिवाय घरातलं कोणी बोलत नाही, नजर लागते म्हणून. आशाकडे निश्चय किट असते, पाच मिनिटांत लघवी तपासून होते. पण बाईनं आधी सांगायला पाहिजे न. अन् पाळीची तारीख? 'पोळ्याच्या आधी आली होती,' इतकंच सांगते. पोळ्याच्या आधी म्हणजे आठ दिवस का पंचवीस?"

"त्यांच्याकडे सोनोग्राफी करून आठवडे मोजले होते," निखिल म्हणाला.

"तेच तं. तुमच्या प्रयोगात सोनोग्राफी आहे, माझ्या रजिस्टरात पोळा आहे."

यावर सर एकदम सावरून बसले. तारीख तीन आठवडे चुकली तर 35 आठवड्यांचं बाळ कागदावर 38 चं होतं. मग अकाली बाळंतपण मोजायचं कसं आणि कमी झालं म्हणायचं कसं? ताईंनी त्यांची पद्धत सांगितली: तारीख विचारायची नाही, आधी सण विचारायचा, मग त्या सणाच्या दिवशी पाळी होती का, उपास केला होता का, देवापाशी गेली होती का हे विचारायचं. त्यानं आठवडाभराच्या आत येता येतं. मग ती तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर त्याच बैठकीत टाकायची, घरी जाऊन आठवणीनं नाही.

गजूभाऊनं विचारलं, गोळी दुकानात मिळते का. मिळते, 75 ची. निखिलनं तिथल्या तिथं ब्रेक मारला. जागतिक आरोग्य संघटना 75 मिलिग्रॅम सुचवते ती झटक्याचा, म्हणजे गरोदरपणातल्या बीपीचा, धोका जास्त असलेल्या बाईला: आधीच्या खेपेला बीपी वाढलं होतं, आधीपासून बीपी किंवा साखर आहे, किडनीचा आजार आहे, जुळं आहे. तेही 20 आठवड्यांच्या आत, डॉक्टरांनी बघून. "सासूनं मेडिकलमधून आणायची गोळी नाही ही."

काकांचं समाधान झालं नव्हतं. "ते सोड. गावात असं काही आलं तं मानसानं इचारायचं काय, ते सांग."

हा प्रश्न चांगला होता. प्रयोगाला नैतिक समितीची मंजुरी आहे का. देशाच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंद आहे का. औषधांच्या प्रयोगाला 2009 पासून ती सक्तीची आहे. माहितीपत्रक मराठीत आहे का, आणि बाई वाचू शकत नसेल तर वाचून दाखवताना प्रयोगाशी संबंध नसलेला साक्षीदार बसला होता का, की अंगठा आधी आणि साक्षीदार संध्याकाळी. काही झालं तर खर्च कोणाचा. आणि नाही म्हटलं किंवा मधातच सोडलं तरी उपकेंद्रातली नेहमीची सेवा चालू राहणार का. शेवटचा प्रश्न बाया विचारत नाहीत, कारण आशाताईचं मन मोडल्यासारखं वाटतं. ताईंनी हे कबूल केलं.

चहा आला. काकांनी नवीन आघाडी उघडली: संशोधन कशाला, कामं नीट करा, लेकरं वाचतात.

"तेही करून पाहिलंय," निखिल म्हणाला. "उत्तर प्रदेशात, 24 जिल्ह्यांत, 120 दवाखान्यांत. त्यातल्या निम्म्यांत बाळंतपणाच्या खोलीत यादी लावली: हात धुतले का, बीपी घेतलं का, बाळाला लगेच आईच्या अंगावर ठेवलं का. अन् नर्सच्या बाजूला उभा राहून शिकवणारा माणूस दिला. दोन महिन्यांनी पाहिलं तर यादीतल्या 18 गोष्टींपैकी शंभरातल्या 73 होत होत्या, यादी नसलेल्या दवाखान्यांत 42."

"मंग? बरोबरच म्हन्तो मी!"

"मरण किंवा आईला गंभीर त्रास. यादी असलेल्या ठिकाणी 15.1 टक्के, नसलेल्या ठिकाणी 15.3. फरक शून्य."

कट्टा काही क्षण गप्प. मग सगळे एकदम बोलायला लागले. सरांचं म्हणणं, शिकवणारा माणूस हळूहळू कमी केला तसा आकडाही उतरला असेल. खरंच उतरला होता, वर्षानं 73 चे 62 झाले होते. ताईंचं म्हणणं वेगळं. हात धुतले, बीपी मोजलं, 160 निघालं, पुढं काय? झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट कपाटात आहे का, वर पाठवायला गाडी किती वेळात येते, वरच्या दवाखान्यात रक्त आणि सिझर करणारा माणूस आहे का? यादी फक्त बघायला शिकवते.

"आणि बघणंही डोळ्यांवर सोडू नका," निखिलनं जोडलं. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचं उदाहरण त्यानं दिलं. 500 मिलिलिटरच्या वर गेलं की धोका, हे सगळ्यांना पाठ असतं. पण चादरीवर, फरशीवर, बादलीत सांडलेलं रक्त अंदाजानं किती, हे कोणालाच नीट सांगता येत नाही. नागपूर-बेळगावच्या संशोधकांनी 2006 मध्ये हेच तपासलं. बाईच्या कमरेखाली प्लास्टिकची चादर सरकवायची, तिचं टोक खाटेच्या कडेवरून खाली पिशवीसारखं लोंबतं, पिशवीवर मापाच्या रेघा. बाळ बाहेर आलं, पोटातलं पाणी, म्हणजे गर्भजल, वाहून गेलं की लगेच लावायची. आधी लावली तर गर्भजल मिसळून आकडा फुगतो. चादरीच्या मापाशी ताडून पाहिलं तर डोळ्यांचा अंदाज तेहतीस टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे नर्सला तीनशे-साडेतीनशे वाटतं तेव्हा पाचशे गेलेलं असतं. पुढं आफ्रिकेतल्या 80 दवाखान्यांपैकी जवळपास निम्म्यांत अशी मापाची चादर दिली, आणि मर्यादा ओलांडली की मालिश, औषध, सलाईन, तपासणी एका पाठोपाठ एक न थांबता करायची असं ठरवलं. 2023 चा निकाल: गंभीर रक्तस्राव, त्यासाठीचं ऑपरेशन किंवा त्यातून मृत्यू हे सगळं मिळून नेहमीसारखं काम चाललेल्या दवाखान्यांत 4.3 टक्के, या दवाखान्यांत 1.6.

"पाय! माप दिलं, अन् माप पाहून करायचं काय तेही दिलं," काका. पहिल्यांदाच कोणाच्या बाजूनं बोलले.

मग गडचिरोली निघणारच होती. आमच्या भागात या विषयावर बोलायचं आणि बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेचं नाव घ्यायचं नाही, असं होत नाही. अभय आणि राणी बंग यांचा घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग: 39 गावं एका बाजूला, 47 गावं तुलनेला. कामाच्या गावांत हजार जन्मांमागे नवजात बाळांचे मृत्यू 62 होते, 1997-98 ला 25.5 झाले. तुलनेच्या गावांत 58 चे 59.6. हे सगळ्यांना माहीत असतं. सरांना मात्र दुसऱ्याच आकड्यात रस होता, आणि तो फारसा सांगितला जात नाही. उपचार सुरू करण्याआधी, 1995-96 मध्ये, त्यांनी वर्षभर फक्त पाहिलं. 763 बाळं, घरी जाऊन, महिनाभर. त्यातल्या 54 टक्के बाळांना उपचाराची गरज होती, डॉक्टर मिळाला 2.6 टक्क्यांना. "कोण मरतं, कधी मरतं, कशानं मरतं हे आधी मोजलं. मग ठरवलं गावातल्या बाईच्या हाती काय द्यायचं."

"काय दिलं? सुई दिली!" काका. जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं हे त्या प्रयोगाच्या गाभ्यात होतं. रडणं मंद झालं, दूध ओढणं कमी झालं, बाळ सुस्त पडलं, अंग गार लागतं किंवा ताप, नाळेला पू, जुलाब-उलटी किंवा पोट फुगलं, कण्हणं किंवा छाती आत ओढली जाणं. यातली दोन एकत्र दिसली की उपचार सुरू. 2011 ला सरकारनं हीच पद्धत देशभर नेली, पण सुई आशाच्या हाती दिली नाही. ओळखायचं आणि वर पाठवायचं.

"म्हणून ओळखणं तरी पक्कं पाहिजे," ताई म्हणाल्या, आणि श्वास मोजण्यावर घसरल्या. त्यांचा हा आवडता राग. तीस सेकंद मोजून दुप्पट करतात. लहानग्याचा श्वास घड्याळासारखा नसतो. भराभर घेतो, मग पाच-सात सेकंद थांबतो, पुन्हा भराभर. अर्ध्या मिनिटात तो थांबा आला तर आकडा खाली पडतो, सुटला तर वर जातो. पूर्ण एक मिनिट मोजायचं, अंगडं वर करून, पोटाच्या हालचालीवर नजर ठेवून. रडत असेल, पीत असेल तर थांबायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचं. दुसऱ्यांदाही आले तर पाठवायचं. मोजत असताना आजी मधातच "वजन किती भरलं वं?" विचारते आणि आकडा चुकतो. तेव्हा आजीलाच घड्याळ धरायला द्यायचं, ती गप्प बसते.

सरांनी शंका काढली. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, मग घरच्या भेटींचं काय काम? निखिलनं सांगितलं, दोन-तीन दिवसांत बाई घरी येते, आणि नवजात बाळांचा धोका महिनाभर असतो. म्हणून दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाच्या सहा भेटी: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 वा दिवस.

"कोणत्या आशाच्या?" ताईंनी विचारलं.

पहिलटकरीण माहेरी जाते. नोंदणी सासरच्या गावात, बाळंतपण तालुक्याला, सव्वा महिना माहेरी. सासरची आशा म्हणते बाई इथं नाही, माहेरची म्हणते माझ्या यादीत नाही. तिसऱ्या-सातव्या दिवसाची भेट, जी सगळ्यात कामाची, नेमकी तीच दोघींच्या मधात पडते. आणि बाळ कमी वजनाचं असेल तर? हरियाणात 2019 ला आठ हजारांवर कमी वजनाच्या बाळांवर पाहिलं, आईच्या छातीशी उघड्या अंगाला अंग लावून ठेवायला घरी शिकवलं तर महिन्याच्या आतले मृत्यू तीस टक्क्यांनी कमी. पण शिकवणारी घरी गेली पाहिजे न.

"मंग उपाय सांग बाई."

"सातव्या महिन्यात विचारायचं, माहेर कोणतं. त्या गावच्या आशेचा नंबर कार्डाच्या मागं लिहायचा, अन् बाई निघाली त्याच दिवशी फोन करायचा. मोबदला कोणाला, हे आधी ठरवून घ्यायचं, नाहीतर फोनच उचलत नाही."

काका म्हणाले, हे लॅन्सेटात छापून येत नाही. सर म्हणाले, मोजलं तर येईल. दहा गावांत नंबर लिहायचा, दहा गावांत नेहमीसारखं, आणि सातव्या दिवसाच्या भेटी किती झाल्या ते पाहायचं. कोणती दहा ते चिठ्ठ्या टाकून, ताईंच्या मर्जीनं नाही.

"मर्जीनं काऊन नाही?" ताई.

"कारण तुम्ही चांगल्या आशांचीच गावं निवडाल."

त्यावरून पुन्हा जुंपली, आणि बस आली तरी ताई उठल्या नाहीत.