खेळाने भाषा वाचते का? एका जुन्या मास्तरांच्या कमेंटला उत्तर

सर, इथल्या शाळेत आम्ही पोरांबरोबर कोरकूतून पत्ते खेळतो, त्यावरची तुमची कमेंट वाचून दोन दिवस नुसता विचार केला. (कोरकू म्हणजे मेळघाटातल्या कोरकू आदिवासींची भाषा.) तुम्ही 22 वर्षं मेळघाटातल्या धारणी तालुक्यात मास्तरकी केलीय, तेव्हा घाईत दोन ओळी खरडून मोकळं होणं बरं वाटेना. तुमचं म्हणणं असं की कोरकू पोरं घरी कोरकू बोलतातच, शाळेने त्यांना मराठी पक्की करून द्यावी, पत्ते-बित्ते खेळवणं ही शहरी लोकांची हौस आहे आणि खेळ खेळून कुठली भाषा वाचत नाही.

आधी तुमचं जे पटलं ते सांगते. मोबाईल अ‍ॅपबद्दल तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के बरोबर. रेंज नसलेल्या गावात अ‍ॅपचं काय करणार? आणि आमचं पहिलं अ‍ॅप म्हणजे मराठी चित्रकार्डांचंच कोरकू भाषांतर होतं, त्यात जहाज होतं, द्राक्षं होती, मेळघाटातल्या पोराने जहाज कुठं बघायचं? ते बंद केलंय.

आता खेळतो ते पत्ते जुन्या लग्नपत्रिका कापून, मागच्या कोऱ्या बाजूला चित्रं काढून केलेत. चित्रं पोरांनीच काढलीत. प्रत्येक गोष्टीची तीन कार्डं, एक कुत्रा, दोन कुत्रे, पुष्कळ कुत्रे. डाव साधारण भिकार-सावकारासारखा, फक्त कार्ड टाकताना त्याचं नाव बरोबर सांगायचं, चुकलात तर पत्ता समोरच्याचा.

ही तीन कार्डं का, ते मला एका दुसरीतल्या मुलीने शिकवलं. सुरुवातीला आम्ही दोनच करायचो, एक आणि अनेक. दोन कुत्र्यांचं कार्ड दाखवून मी शिकलेलं अनेकवचन म्हटलं, तर वर्गात महिनोन्महिने तोंड न उघडलेल्या त्या पोरीने कार्ड माझ्या हातातून ओढून घेतलं, जोरजोरात मान हलवली आणि वेगळंच रूप म्हणाली, मग दोन बोटं माझ्या डोळ्यांसमोर धरली. कोरकूत द्विवचन आहे सर! आपण शाळेत रामः रामौ रामाः घोकलं तसं, फक्त या पोरांना ते घोकावं लागत नाही. कोरो म्हणजे माणूस, कू लागला की पुष्कळ माणसं, म्हणून तर कोरकू, आणि दोघंच असतील तर प्रत्यय निराळा. पुढच्या आठवड्यापासून कोण बरोबर कोण चूक हे तीच ठरवायला लागली, आणि गंमत म्हणजे मराठीच्या तासाला पण तिचा हात वर येऊ लागला. एका मुलीवरून मी नियम काढत नाहीये, पण हे डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून "आधी मराठी" हे मला पटत नाही. मराठीत आपण आणि आम्ही वेगळे आहेत, हिंदीत दोन्हीला एकच हम. कोरकूत हा फरक आहेच, समोरच्याला धरून आणि सोडून. म्हणजे मराठीतली एक नाजूक गोष्ट पोराच्या डोक्यात आधीच बसलेली आहे, फक्त ते मास्तरला माहीत पाहिजे. पालघरकडच्या कोसबादला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांच्या आसपासच्या वस्तूंपासूनच शिकवायला सुरुवात केली, म्हणजे मी काही नवीन सांगतेय असं नाही.

आणि घरी बोलतातच म्हणता, तर एकदा चिंचोके मोजायला सांगून बघा. आम्ही सांगितले. मिया, बारी, आफई, उफुन, मोनोई झालं की गाडी सरळ हिंदीतल्या छे, सात, आठवर गेली, पुढचे कोरकू आकडे येईनात. तिथं बसलेल्या एका आजीने पार गेलपर्यंत म्हणजे दहापर्यंत मोजून दाखवलं. 2011 च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सव्वासात लाखांच्या वर आहेत, आकडा मोठा आहे, पण भाषा अशीच एकेक कोपरा सोडत जाते. जवळच बुलढाण्यातल्या जळगाव जामोदकडची निहाली भाषा बघा, तिच्यात दोनापासून पुढचे आकडे बाहेरून आलेले आहेत. बोलणारे जेमतेम काही हजार उरलेत. मला भीती त्याचीच वाटते.

बाकी नुसत्या खेळाने भाषा वाचत नाही, हे मान्यच. हवाईत 1896 च्या कायद्याने शाळा इंग्रजीच्या झाल्या आणि 1980 च्या आसपास तिथली भाषा बोलणारी लहान मुलं बोटावर मोजण्याइतकी राहिली, तेव्हा 1984 ला त्या भाषेच्या शिक्षकांनी बालवाड्या काढल्या, नाव पुनाना लेओ, म्हणजे भाषेचं घरटं. त्याआधी 1982 ला न्यूझीलंडमध्ये माओरींनी तेच केलं होतं. तिथं म्हातारी माणसं आणि दोन-तीन वर्षांची पोरं दिवसभर एकत्र, खाणं, गाणं, खेळ, भांडण सगळं त्याच भाषेत. आमच्याकडे पत्त्यांचे चार जोड आहेत आणि एक आजी. पण ती आजी शाळेच्या ओट्यावर येऊन बसते ती पोरांचा डाव बघायलाच, हे पण खरं.

सर, एक मागू का? 22 वर्षांत पोरांचे सुट्टीतले खेळ तुम्ही बघितले असतील, मास्तर नसताना चालणारे, गाणी म्हणत राज्य कुणावर ते ठरवणारे. आठवतील तेवढे लिहून पाठवा, मोडकेतोडके चालतील. आजीला ऐकवून बरोबर करून घेऊ. आणि धारणीला आलात तर मंगळवारी दुपारी या, दहाच्या पुढच्या आकड्यांचे पत्ते करायचे राहिलेत.