रस्सा कुठं गेलाय?

कोल्हापुरातली एखादी जुनी खानावळ बंद झाली की दोन दिवस सगळीकडं एकच सूर, "तो रस्सा आता परत नाही!" मला हे पटत नाही. रस्सा कुठं गेलाय? कांदा-लसूण चटणी अजून घरोघरी होते. पांढऱ्या रश्श्याला मटणाचं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, खोबऱ्याचं दूध, खसखस लागते, हे काही कुणाचं गुपित नाही. मिसळ अजून कटासकट ब्रेडबरोबर मिळते (पाव मागितला की माणूस बाहेरचा, हे समजून जायचं). चव शाबूत आहे. गेली ती बसायची जागा.

लक्ष्मीपुरीत आम्ही जायचो त्या खानावळीत लांबलचक बाकडी होती. एकटा माणूस दारात दिसला की मालक गल्ल्यावरूनच "सरका की ओ जरा" म्हणायचे, की झाली जागा. शेजारी धान्यबाजारातला हमाल, समोर कोर्टाच्या तारखेला आलेला राधानगरीकडचा शेतकरी, कडेला तालमीतलं पोरगं. त्या पोराची वाटी न मागता दुसऱ्यांदा भरायची, आणि वहीत मात्र एकाच ताटाचे पैसे. आता 'फॅमिली' पाटीच्या हॉटेलात एकट्यानं चौघांचं टेबल अडवून बसायचं म्हणजे घास गोड लागत नाही.

खानावळी बंद पडल्या म्हणून कुणाला बोल लावू नये. मटण महागलं, पोरं शिकून पुण्याला गेली, पहाटेपासून शेगडीपुढं उभं राहायला सून तयार नाही. का असावी? त्यात २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं. भिजलेलं सामान उपसून पुन्हा गल्ल्यावर बसायला उमेद लागते.

पण आठवणच काढायची तर भाऊसिंगजी रोडवरच्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलची काढूया की. १९२२ ला शाहू महाराज गेले, त्याआधीची गोष्ट. गंगाराम महाराजांच्या पागेत कामाला होते. हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना तर शासन केलंच, शिवाय गंगारामना चहाचं हॉटेल काढून दिलं, 'सत्यसुधारक' नावाचं. अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराजांची गाडी दारात थांबायला लागली. स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. महाराजच पाजतायत म्हटल्यावर नको म्हणायची छाती कुणाची!

त्या चहात आलं असायचं का वेलदोडा, हे आजवर कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.