घिरापूरला पुन्हा जायलाच हवं

‘मॅजिक: द गॅदरिंग’ खेळणाऱ्यांमध्ये एक मत बरेच दिवस हातोहात फिरतंय. जुन्या जगांत परत जाणं म्हणजे शिळ्या कढीला ऊत, असं ते मत. कंपनीकडच्या कल्पना संपल्या की ती राव्निका, झेंडिकार, इनिस्ट्राडच्या दारात जाऊन उभी राहते. एकदा फसलेली जगं उकरून काढते आणि चांगली होती ती बिघडवून ठेवते. हे सगळं कशासाठी, तर तिशी-पस्तिशीतल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या आठवणी विकायला. शेवटी आपल्याकडच्या खेळाडूंसाठी खास शेपूट: भारतावर बेतलेल्या कलादेशला (घिरापूर हे तिथलंच शहर) तर २०२५ साली जाऊन आलेच की, आता आणखी काय हवंय?

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की रिचर्ड गारफिल्डने रचलेला हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली आला. विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही कंपनी वर्षातून चार-सहा वेळा नव्या कार्डांचा सेट काढते आणि प्रत्येक सेट कुठल्या ना कुठल्या काल्पनिक जगात घडतो. ते जग कोरं असावं की ओळखीचं, यावरून हे भांडण आहे.

आधी कल्पना संपल्याचा आरोप. २०२४ साली कथेचे चार मोठे सेट आले. त्यांतला फक्त ‘मर्डर्स ॲट कार्लोव्ह मॅनर’ जुन्या राव्निकात होता. थंडर जंक्शन, ब्लूमबरो आणि डस्कमोर्न ही तिन्ही जगं कोरी करकरीत. ब्लूमबरोच्या उंदीर-सशांवर लोक लट्टू झाले, मीही झाले. थंडर जंक्शनमध्ये मात्र बाहेरून आलेल्यांची वस्ती, आणि इतर जगांतले ओळखीचे खलनायक काउबॉय टोप्या घालून रांगेत उभे. जग कोरं होतं, पण त्यात राहायला आलेली मंडळी जुनीच. मग २०२५. त्या वर्षीच्या सहा सेटांपैकी तीन, म्हणजे फायनल फँटसी, स्पायडरमॅन आणि अवतार, हे मॅजिकच्या स्वतःच्या कुठल्याच जगात घडत नाहीत. ती बाहेरून आणलेली, दुसऱ्यांची विश्वं. जुन्या जगांमुळे नव्यांना जागा मिळत नाही म्हणणाऱ्यांनी ही मोजणी जरूर करावी. तीन खोल्या भाडेकरूंना द्यायच्या आणि अडचण होते म्हणून आजोबांची खाट बाहेर काढायची, असला हा हिशेब आहे.

‘फसलेलं जग उकरू नये’ हा दुसरा मुद्दा. तो वरवर सगळ्यात शहाणपणाचा वाटतो आणि सगळ्यात जास्त चुकीचा आहे, म्हणून इथे जरा बसावं लागेल.

फसलेलं जग म्हटलं की पूर्वी एकच नाव निघायचं: कामिगावा. जपानी लोककथा आणि शिंतो कल्पनांवर बेतलेलं हे जग ऑक्टोबर २००४ ते जून २००५ या काळात तीन सेटांत आलं. आधी जग ठरवायचं आणि मग त्याला साजेसे नियम शोधायचे, असा उलटा प्रवास त्यात केला होता. जग सुंदर झालं. नियमांचं मात्र हसं झालं. ‘स्प्लाइस ऑन्टू आर्केन’ घ्या: हातातल्या मंत्राचा परिणाम दुसऱ्या मंत्राला जोडायचा, पण तो दुसरा मंत्र ‘आर्केन’ जातीचाच हवा, आणि ही जात तेव्हा त्या तीन सेटांबाहेर कुठेच नव्हती. म्हणजे तुमच्याकडच्या जुन्या कार्डांशी त्याचं जमायचं नाही आणि पुढे येणाऱ्यांशीही नाही. त्यात हे जग आलं मिरोडिननंतर. मिरोडिनची कार्डं इतकी तिखट होती की मार्च २००५ मध्ये स्टँडर्डमधून, म्हणजे फक्त अलीकडचे सेट चालणाऱ्या स्पर्धाप्रकारातून, त्यांच्यावर सपाटून बंदी घालावी लागली. त्या तिखटावर कामिगावा अळणीच लागणार होतं. लोकांनी जगालाच दोष दिला. मार्क रोझवॉटर, खेळाच्या रचनेचे प्रमुख, पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिले की तिथे परत जाण्याची शक्यता फार कमी.

पण त्या ‘फसलेल्या’ सेटांत काय काय होतं? उमेझावाचं जित्ते हे कार्ड होतं, ज्याचं नाव २०११ साली मॉडर्न (आणखी जुने सेटही चालणारा प्रकार) सुरू झालं तेव्हा पहिल्याच बंदीयादीत होतं. सेन्सेइज डिव्हायनिंग टॉप होता, ज्याने लेगसीत (जवळपास सगळी जुनी कार्डं चालणाऱ्या प्रकारात) लोकांचा इतका वेळ खाल्ला की २०१७ साली त्याला बाहेर काढलं. किकी-जिकी हा आरसाफोड्या होता, अझुसा होती. शिवाय या जगात दंतकथेतल्या नामवंत व्यक्तिरेखांचा सुकाळ होता, आणि २००४ साली ती अडचण वाटायची. पुढे कमांडर हा प्रकार फोफावला. त्यात प्रत्येकाला डेकच्या मुखत्यारपदी अशी एक नामवंत व्यक्तिरेखा लागतेच. मग तेच लोक कामिगावाच्या जुन्या खोक्यांत हात घालून बसले. जग तेच राहिलं, खेळायची पद्धत बदलली आणि त्याची किंमत फिरली. विक्रीचा आकडा त्या वर्षीच्या बाजाराचं खरं सांगतो. पंधरा वर्षांनी ते जग कुणाच्या कामाला येईल हे त्यात लिहिलेलं नसतं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘कामिगावा: निऑन डायनेस्टी’ आलं. मूळ कथेनंतर १२०० वर्षं उलटलेली. मंदिरांशेजारी निऑनचे फलक, निंजांच्या अंगावर यंत्रं. निन्जुत्सू ही निंजांची जुनी चाल परत आणली, स्प्लाइसला घरी ठेवलं. जुन्या बोसेजू वृक्षाच्या नावाचं एक नवं लँड कार्ड (मंत्रांना जादूची ताकद पुरवणारं) आलं आणि ते हिरव्या डेकांत घरोघरी पोचलं. मला सगळ्यात आवडतं ते ‘फेबल ऑफ द मिरर-ब्रेकर’. हे कार्ड म्हणजे किकी-जिकीची गोष्ट, १२०० वर्षांनी कुणीतरी सांगितलेली, आणि तिसऱ्या अध्यायात ते उलटून त्याचं प्रतिबिंब होतं. २००४ चं मूळ कार्ड न पाहिलेल्या पोरांनीही ते खेळून खेळून इतकं माजवलं की २०२३ साली स्टँडर्डमध्ये त्यावर बंदी आली, सोबत याच सेटमधल्या आणखी दोन कार्डांवर. (बंदी येणं हा काही गुण नव्हे, पण दुर्लक्षित सेटावर कुणी बंदी घालत नाही.) कोऱ्या सायबरपंक जगात हे झालं नसतं. जुनं झाड आणि जुना आरसाफोड्या तिथे आधीपासून असावे लागले.

तरी सगळ्याच जुन्या जगांत परत जावं असं माझं म्हणणं नाही. रोझवॉटर यांनी परतीची शक्यता मोजायला एक ते दहाची मोजपट्टी केली आणि तिला नाव दिलं रबाया. रबाया म्हणजे १९९३ च्या ‘अरेबियन नाइट्स’ सेटमधलं जग, अरबी सुरस कथा जशाच्या तशा उचलून केलेलं. अल्लाउद्दिन, सिंदबाद सगळे तिथे आहेत. तिकडे परत जायचं तर स्वतःचं असं काही सापडत नाही.

‘परत गेलं की मूळ जगाची वाट लागते’ हा मुद्दा अर्धा मान्य. झेंडिकार हे २००९ साली साहसाचं जग होतं: तरंगते कडे, भुयारं, नकाशे, सापळे. २०१५ ला परत गेलो तर एल्ड्राझी राक्षसांनी सगळं चाटून पांढरं केलेलं, आणि आम्ही सहा महिने त्याच राक्षसांशी लढत बसलो. साहस गायब. पण हे दुरुस्त कशाने झालं? २०२० च्या ‘झेंडिकार रायझिंग’ने, म्हणजे तिसऱ्या फेरीने. टार्किरचं त्याहून बोलकं. २०१४ साली तिथल्या पाच टोळ्या लोकांना जीव की प्राण झाल्या. अब्झान की मार्डू यावरून मैत्र्या तुटायच्या बाकी होत्या. पुढच्याच वर्षी कथेने इतिहास बदलला, ड्रॅगन जिंकले आणि टोळ्या पुसल्या गेल्या. ही वाट परत जाण्याने लागलेली नव्हती, ती पहिल्याच भेटीत लागली होती. टोळ्यांनी ड्रॅगनसत्तेविरुद्ध उठाव केला आणि त्या परत उभ्या राहिल्या, ते एप्रिल २०२५ च्या ‘टार्किर: ड्रॅगनस्टॉर्म’मध्ये. मग वाट कशाने लागते? जगाला नुसता पडदा म्हणून मागे टांगलं की लागते. कार्लोव्ह मॅनरमध्ये राव्निकाच्या दहा गिल्डांना, म्हणजे ते शहर चालवणाऱ्या संघटनांना, बाजूला सारून सगळ्यांच्या हातात गुप्तहेराचं भिंग दिलं, ते मला आजही पटलेलं नाही.

आठवणी विकण्याच्या आरोपावर फार शब्द घालवत नाही. राव्निकाची शॉकलँड्स, म्हणजे दोन रंगांची लँड कार्डं, २००५-०६ मध्ये आली, ती २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या परतीत पुन्हा छापली गेली. ज्याने २०१९ ला खेळायला सुरुवात केली त्याला कसली आठवण? त्याला बूस्टरमधून, म्हणजे नव्या कार्डांच्या बंद पाकिटातून, कामाचं लँड मिळालं. इथे पाकीट उघडताना आयातीच्या किमती डोळ्यांपुढे असतात, त्यामुळे आपण तरी परतीच्या सेटांना नावं ठेवू नयेत.

आता शेवटचा मुद्दा, ज्याच्यामुळे मी मुळात लिहायला बसले.

कलादेश पहिल्यांदा सप्टेंबर २०१६ मध्ये आलं, पाठोपाठ जानेवारी २०१७ मध्ये ‘एथर रिव्होल्ट’. घिरापूर शहर, पितळेची नक्षी, साडीसारखी वस्त्रं, एथर नावाची ऊर्जा आणि तिच्या वाटपावर बसलेलं कॉन्सुलेट नावाचं सरकार. मॅजिकच्या कथेतली नायिका चंद्रा नलार मूळची इथली. आई पिया, वडील किरण. आमच्या ड्राफ्टच्या (तिथेच पाकिटं फोडून पत्ते निवडत डेक बांधायच्या खेळाच्या) टेबलावर ‘धुंद ऑपरेटिव्ह’ हे कार्ड आलं की कुणीतरी डुलत उठून दाखवायचं. ते हेरखात्याचं नाव आहे हे कुणाला सांगून पटेना. सहेली राय आणि फेलिडार गार्डियन या कार्डांची जोडगोळी एकमेकांना अनंत वेळा जन्म द्यायची, म्हणून गार्डियनवर बंदी आली. दोन्ही सेट मिळून पाच कार्डं स्टँडर्डबाहेर गेली. इथला एनर्जीचा (ऊर्जा साठवून खर्चायचा) नियम तर २०२४ च्या ‘मॉडर्न होरायझन्स ३’मध्ये परतला आणि मॉडर्नवर स्वार झाला. नियम परतला, त्याचं गाव नाही परतलं.

जग म्हणून मात्र ते अर्धंच पाहिलं गेलं. थेरॉसला ग्रीक देव मिळाले, अमोनखेटला इजिप्तचे. कलादेशात देवांना हात लावलेला नाही, आणि रोज पुजल्या जाणाऱ्या देवांना पत्त्यांवर न आणणं मला समंजसपणाचंच वाटतं. पण देव वगळल्यावर जे दाखवायचं ते कपडे, नावं आणि नक्षी इथपर्यंत येऊन थांबलं. पाऊस कुठे पडतो? मोहल्ला कुठाय, खानावळ कुठाय? नावाचंही तसंच. रोमन लिपीत लिहिलेलं ते नाव कलेचा देश वाचावं की काळा देश, हे वाचणाऱ्यावर. पुढे कथेत सत्तापालट झाला आणि जगाचं नाव बदलून आविष्कार झालं. हिंदीत आविष्कार म्हणजे नवा शोध. मराठीत त्याचा अर्थ प्रकटीकरण, अभिव्यक्ती. कलाविष्कार म्हणतो तो. मुंबईतल्या जुन्या नाटकवेड्यांना तर आविष्कार म्हटलं की त्या नावाची नाट्यसंस्था आणि तिचं छबिलदासच आठवणार. यंत्रं जुळवणाऱ्यांच्या जगाला हे नाव मिळालं आणि त्याचे दोन भाषांत दोन अर्थ निघाले, यावर एक अख्खा सेट उभा राहील.

‘जाऊन आलेच की’ म्हणतात ती भेट म्हणजे फेब्रुवारी २०२५ चं ‘एथरड्रिफ्ट’. ती तीन जगांतून धावणारी शर्यत होती: आविष्कार, अमोनखेट, मुरागांडा. दहा संघ, इंजिनांचा धूर, कोण पहिलं येतंय ती चुरस. मला सेट खेळायला मजा आली, हे नाकारत नाही. पण एक तृतीयांश सेट, तोही शर्यतीच्या ट्रॅकवरून पाहिलेला, म्हणजे मुक्काम नव्हे. एक्स्प्रेसच्या खिडकीतून मनमाड पाहिलं म्हणून कुणी मनमाडला जाऊन आलो म्हणत नाही. क्रांती झाली, कॉन्सुलेट गेलं, नाव बदललं. या जगाला घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट आपल्याला पार्श्वभूमीच्या दोन ओळींत कळली.

कॉन्सुलेटच्या काळात परवाना असेल त्याला एथर आणि नसेल त्याला धुंद, असा कारभार होता. लायसन्स-परमिटच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या घरात तो समजावून सांगावा लागत नाही. आता परवाना देणारेच गेले, पण नळ्या त्याच आहेत. त्यांची गळती कोण काढतं, कोणत्या वस्तीला किती वाजता एथर सुटतो, रांगेत पिया नलारचा नंबर कितवा आणि कालच्या बंडखोरांपैकी कोण आज खुर्चीत बसून शिक्के मारतंय, हे मला कार्डांवर बघायचंय. एथरड्रिफ्टच्या गाड्या त्याच गल्ल्यांवरून गेल्या, फक्त भरधाव.