जुना टॅब सांगलीला जाणार असेल तर

ऑक्टोबर 2025 मध्ये ॲपलचा एम5 चिप असलेला नवा आयपॅड प्रो बाजारात आला आणि त्याच आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी तो घ्यावा की नाही यावर चर्चा सुरू झाली. मी ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲम्स्टेलव्हेनमध्ये राहते, माहेर सांगलीचे. पुतण्याने लिहिले, “आत्या, सात वर्षे झाली, आता बदल. तुझा जुना माझी आई वापरेल, काही वाया जाणार नाही.” दादाने भारतातल्या किमती पाठवल्या. 11 इंची मॉडेल 99,900 रुपयांपासून, वर क्रेडिट कार्डावर सूट आणि बिनव्याजी हप्ते. शिवाय तिकडच्या 21 टक्के करापेक्षा इथला 18 टक्के जीएसटी बरा, तेव्हा सांगलीला येशील तेव्हा इथूनच घे, असा त्याचा हिशेब होता. अप्पांनी एकच ओळ लिहिली, “जुना बिघडला आहे का?”

परदेशी राहणाऱ्या अनेक मराठी घरांत ही चर्चा या ना त्या रूपात होत असणार, आणि तिच्यात एक गोष्ट सगळेच धरून चालतात: नवे यंत्र इकडे, जुने तिकडे. मी नोकरीसाठी बाहेर पडल्यापासून दोन फोन, एक लॅपटॉप आणि एक टॅब याच वाटेने सांगलीला गेले. देताना मला समाधान वाटे, घेणाऱ्याला आनंद होई, आणि मला नवे घ्यायला एक चांगले कारण मिळे. हा रिवाज मोडावा असे मला आता वाटते, आणि त्याची कारणे थोडी इथल्या आणि थोडी तिकडच्या अनुभवातली आहेत.

माझा टॅब 2018 च्या अखेरीस आलेला 11 इंची आयपॅड प्रो आहे. रविवारी सकाळी मी इथल्या मराठी मुलांचा वर्ग घेते आणि त्या वर्गाचा फळा म्हणजे हा टॅब. तो भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडायचा, पेन्सिल उचलायची आणि ‘ळ’ लिहून दाखवायचा: आधी छोटी उभी रेघ, तिच्याखाली डावीकडचे वाटोळे, मग उजवीकडचे, शेवटी शिरोरेघ. इथे जन्मलेल्या मुलांना हे अक्षर लिहायलाही जड जाते आणि उच्चारायलाही, म्हणून ते दहा वेळा लिहायचे आणि दहा वेळा पुसायचे. या टॅबचा पडदा सेकंदाला 120 वेळा ताजा होतो, त्यामुळे शाईसारखी रेघ पेन्सिलीच्या टोकाबरोबर चालते, मागे रेंगाळत नाही. सात वर्षांनंतरही ती तशीच चालते. दमली आहे ती फक्त बॅटरी. दोन तासांच्या वर्गात दीड तासाने ती 20 टक्क्यांवर येते आणि मग मी वायर लावून, भिंतीच्या जवळ उभी राहून शिकवते. सात वर्षे रोज वापरलेल्या लिथियम आयन बॅटरीने एवढे थकणे स्वाभाविक आहे, त्यात टॅबचा दोष नाही.

नव्या मॉडेलमध्ये जे आहे ते खरोखर चांगले आहे. दोन थरांचा ओलेड पडदा आहे, त्यामुळे काळा रंग काळाच दिसतो, जाडी 5.3 मिलिमीटर आहे, माझ्या टॅबची 5.9, सर्वांत कमी किमतीच्या मॉडेललाही 12 जीबी रॅम आहे. व्हिडिओ संपादन करणाऱ्याने किंवा रोज मोठी चित्रे रंगवणाऱ्याने तो घ्यावा. माझ्या वर्गाला मात्र त्यातली ताजी बॅटरी तेवढी हवी आहे. सप्टेंबर 2025 मध्ये आलेल्या आयपॅडओएस 26 या आयपॅडच्या कार्यप्रणालीने एकाच पडद्यावर अनेक खिडक्या मोकळेपणाने मांडण्याची सोय आणली, आणि ती माझ्या सात वर्षांच्या टॅबलाही विनामूल्य मिळाली. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मात्र त्यावर चालत नाहीत. आयपॅड प्रोमध्ये त्यासाठी एम1 किंवा त्यानंतरची चिप लागते. पुतण्याचा हाच सर्वांत जोरकस मुद्दा होता. पण नोव्हेंबर 2025 मध्ये त्या साधनांत ज्या नव्या भाषांची भर पडली त्यांत डच होती, मराठी नव्हती. साधारण अडीच कोटी लोकांची भाषा आत आली आणि 2011 च्या जनगणनेनुसार 8 कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा बाहेर राहिली, याचे मला मनापासून वाईट वाटते. आणि मराठी शिकवायच्या यंत्रासाठी त्या साधनांपायी पैसे मोजण्याचे कारणही त्यामुळे उरत नाही.

दादाच्या हिशेबात आणखी एक गोष्ट सुटली होती. माझी पेन्सिल नव्या टॅबवर चालत नाही. तिच्या तोडीची नवी पेन्सिल 11,900 रुपयांना आहे. जुना कीबोर्डही नव्याला बसत नाही, आणि नवा 29,900 रुपयांना आहे. म्हणजे 99,900 चा टॅब हाती येईपर्यंत 1,41,700 रुपयांचा होतो.

इथे, नेदरलंड्समध्ये, अप्पांचा प्रश्न विचारणारी माणसे मला पुष्कळ भेटतात. मार्टिन पोस्टमा या पत्रकार बाईंनी ऑक्टोबर 2009 मध्ये ॲमस्टरडॅमला पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला आणि आता असे कॅफे जगभर भरतात. आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरातही तो भरतो. काही महिन्यांपूर्वी चार्जिंगची वायर टॅबमध्ये नीट बसेना तेव्हा मी तिथे गेले. टेबलापलीकडे सत्तरीचे एक निवृत्त गृहस्थ कपाळाला दिवा बांधून बसले होते. त्यांनी टॅब बंद करायला सांगितला, लाकडी टूथपिकचे टोक चाकूने आणखी बारीक केले आणि चार्जिंगच्या भोकातून करड्या लोकरीची, तांदळाच्या दाण्याएवढी गाठ बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवली. माझ्याच पिशवीतल्या मफलरची ती लोकर होती. वायर खट्कन बसली. पैसे घेतले जात नाहीत, पण टेबलावर बरणी असते; तिच्यात मी पाच युरो टाकले. बॅटरीबद्दल मात्र त्यांनी हात वर केले. काच गरम करून, गोंद सोडवून पडदा उचलावा लागतो आणि तो तडकला तर भरपाई कुणी करायची, हे त्यांचे म्हणणे मला पटले.

हीच अडचण ओळखून युरोपीय संघाने नियम केले आहेत. 20 जून 2025 पासून इथे नव्याने विक्रीला येणाऱ्या फोन आणि टॅबवर फ्रीजवर असते तसे लेबल लागते आणि त्यावर वीजवापराबरोबरच बॅटरी किती आवर्तने (पूर्ण भरून संपण्याच्या फेऱ्या) टिकेल, पडल्यावर यंत्र किती तग धरेल आणि ते दुरुस्त करणे किती सोपे आहे याची श्रेणी छापलेली असते. बॅटरीने 800 आवर्तनांनंतरही मूळ क्षमतेच्या किमान 80 टक्के टिकवली पाहिजे. महत्त्वाचे सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यावरही 7 वर्षे मिळाले पाहिजेत, आणि शेवटचा नग बाजारात आल्यापासून किमान 5 वर्षे कार्यप्रणालीच्या नव्या आवृत्त्या देण्याची अपेक्षा आहे. हे लेबल मी दुकानात पहिल्यांदा वाचले तेव्हा, टॅब घेताना इतकी वर्षे मी फक्त वेग आणि किंमत विचारत होते, किती वर्षे चालेल हे कधीच विचारले नव्हते, हे माझ्या लक्षात आले.

तरीही युरोप पुढे आणि आपण मागे असा निष्कर्ष मी काढणार नाही, कारण तो खरा नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कोणत्याही लेबलाविना जी दुरुस्ती होत आली ती इथे पैसे मोजूनही सहज मिळत नाही. सांगलीत गणपती पेठेजवळच्या एका लहान दुकानात दादाच्या फोनची काच मी उभी असतानाच चाळीस मिनिटांत बदलली गेली होती. इथे मजुरी एवढी महाग आहे की दुरुस्तीचा आकडा ऐकून बरेच लोक नवेच घेतात. आपल्याकडे हात आहेत, पण सुटा भाग अस्सल आहे की नाही आणि कंपनी तो दुकानदाराला देईल की नाही याची हमी नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे 2025 मध्ये मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्ती-निर्देशांकाबाबत, म्हणजे वस्तू दुरुस्त करणे किती सोपे आहे हे सांगणाऱ्या श्रेणीबाबत, अहवाल दिला आहे. त्याची अंमलबजावणी लवकर व्हावी अशी माझी फार इच्छा आहे, कारण त्या छोट्या दुकानांना अस्सल भाग मिळू लागले तर युरोपला जे कायदा करूनही कठीण जाते आहे ते आपल्या पेठांत सहज होईल.

पुतण्याच्या ‘काही वाया जाणार नाही’ या वाक्यावर मी इतकी अडले, त्याचे मूळ 2018 मध्ये आहे. आत्ताचा टॅब घेतला तेव्हा त्याआधीचा, 2014 मध्ये घेतलेला, मी अप्पांना दिला होता. कव्हर नवे घातले, अक्षरे मोठी करून दिली, मराठी कीबोर्ड लावून दिला. पहिले वर्ष फार छान गेले. रोज संध्याकाळी सात वाजता, म्हणजे इथल्या दुपारी, अप्पा व्हिडिओ कॉल करत आणि आधी टॅब उलटा धरल्यामुळे मला घराचे छत दिसे. पुढच्याच वर्षी त्या टॅबला कार्यप्रणालीच्या नव्या आवृत्त्या मिळणे बंद झाले. लगेच काही अडले नाही. मग हळूहळू एकेक ॲप ‘नवी आवृत्ती आवश्यक’ असे सांगू लागले: आधी बँकेचे, मग वर्तमानपत्राचे, शेवटी कॉल करायचे.

अप्पांनी हे मला सांगितले नाही. कॉल कमी झाले ते त्यांना कंटाळा आला म्हणून, असे मी समजत होते. सुट्टीत घरी गेले तेव्हा टॅब कपाटात टॉवेलात गुंडाळून ठेवलेला सापडला. “माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं,” ते म्हणाले. “तू एवढा महागाचा दिलास, म्हणून बोललो नाही.” आयुष्यभर मोटारीची इंजिने उघडून पुन्हा बसवणारा माणूस एका पडद्यासमोर स्वतःला दोषी मानत होता, आणि खरी गोष्ट एवढीच होती की मी त्यांना यंत्राची शेवटची वर्षे दिली होती. पहिली चांगली चार वर्षे मी वापरली होती. ती खंत माझ्या मनातून गेलेली नाही.

आताही तेच होणार होते. माझा टॅब वहिनीकडे गेला असता. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे धडे मुलांना दाखवतात आणि स्वतःचे छोटे व्हिडिओ तयार करतात. 2018 च्या टॅबला पुढच्या वर्षीही नवी आवृत्ती मिळेलच असे कुणी खात्रीने सांगू शकत नाही, आणि त्याची बॅटरी माझ्या वर्गात टिकत नाही ती त्यांच्या शाळेत, दुपारी वीज गेल्यावर, टिकणार नाही. चालू वर्गात ॲप बंद पडले तर मुले थांबून राहतील आणि वहिनीही बहुधा मला ते सांगणार नाहीत.

म्हणून मी पुतण्याला लिहिले की तुझे म्हणणे निम्मे बरोबर आहे. अशा यंत्राने होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा भाग ते वापरताना नव्हे, तयार होताना होतो, तेव्हा एक चालते यंत्र दुसऱ्याच्या कामी यावे हे योग्यच. पण तू सुचवतोस त्यातही घरात एक नवे यंत्र येते आणि मी सुचवते त्यातही एकच. ते कुणाच्या हाती जावे एवढाच आपल्यातला फरक आहे. माझ्यापासून सायकलवर दहा मिनिटांवर सेवाकेंद्र आहे, टॅब अडला तर का अडला ते मला कळते, आणि माझे काम वायर लावूनही चालते. नवा मिळायला हवा तो वहिनींना. आणि तो प्रो असण्याची गरज नाही. ए16 चिपचा साधा आयपॅड 34,900 रुपयांना सांगलीतल्या दुकानात मिळतो, दादाच्या कार्डावरची सूटही त्यावर मिळेल, आणि पावती व हमी दोन्ही त्याच गावात राहतील. लिहायला 7,900 रुपयांची साधी पेन्सिल त्यावर चालते. दोन्ही मिळून 42,800 रुपये होतात, ते मी पाठवते.

माझ्या टॅबची बॅटरी बदलायला मी पुढच्या आठवड्यात टाकणार आहे. खर्च ऐकून दोन दिवस विचार केला, पण आणखी दोन वर्षे तो वर्गात चालला तरी मला पुरे आहे, आणि त्यानंतर तो इथल्याच पुनर्वापर केंद्रात जाईल, सांगलीला नाही. दादाला हे थोडे लागले. बहिणीने वापरलेली वस्तू घरात असणे त्याला आवडते, त्यात माया आहे असे तो म्हणाला, आणि ते मी नाकारत नाही. वहिनींनी मात्र रात्री वेगळा फोन केला. लग्नानंतर घरात आलेले प्रत्येक यंत्र आधी कुणाचे तरी होते, त्यामुळे खोके उघडल्यावर सुरुवातीला नेमके काय काय विचारले जाते हे त्यांना माहीत नव्हते. भाषा विचारली जाईल, असे मी सांगितले; यादीत मराठी असते.