लाँच लागली!

आमच्या अलिबागजवळच्या रेवसकडच्या माणसाला मुंबई आणि गाव यांच्यामधली वस्तू एकच माहीत, ती म्हणजे लाँच. बोट म्हटलं की आमच्या म्हाताऱ्यांना अजून ती जुनी कोकणबोट आठवते, धूर सोडत रत्नागिरी-पणजीला जायची ती. होडी कोळ्यांची. आणि रेवसहून समोर करंज्याला जाते ती तर. तर म्हणजे ‘जर-तर’मधला तर नव्हे, खाडी पार करणारी तर, त्यामुळे आमच्याकडे ‘तर आली तर जाऊ, नाहीतर पेणवरून’ हे वाक्य लोक तोंड वाकडं न करता बोलतात आणि ऐकणाऱ्यालाही ते कळतं.

पण भाऊच्या धक्क्याहून रेवसला येते ती लाँच. लाकडी, डिझेलची, तास-सव्वा तास तुमच्या हाडांशी गप्पा मारणारी. धक्का बांधला लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य या भाऊंनी, सरकारी नाव फेरी व्हार्फ, पण डॉकयार्ड रोडला उतरून टॅक्सीवाल्याला फेरी व्हार्फ म्हणून बघा, तो तुमच्याकडे टुरिस्ट म्हणून बघेल आणि त्याच हिशोबाने पैसे लावेल. पुढे बर्फ, माशाच्या टोपल्या, ‘बाजू बाजू’ असा ओरडा, आणि एका लाँचवरून दुसऱ्या लाँचवर ढेंगा टाकत तिसरीत जायचं, कारण आपली कायम सगळ्यात बाहेरची असते. का असते ते विचारू नका.

आता त्रास असा आहे की मी नोकरी करतो ती काचेच्या ऑफिसात, आणि तिथे लाँच म्हणजे ॲपचं. आमचे सर गुडगावचे, समुद्राशी संबंध फक्त लॅपटॉपच्या वॉलपेपरपुरता. सोमवारी सकाळी गावाहून निघालेलो असताना त्यांचा फोन आला, कहाँ हो, मी इंजिनाच्या आवाजात ओरडून सांगितलं, सर, लाँच पे हूँ! तर इतके खूश झाले की काय सांगू, व्हेरी गुड, दॅट्स द स्पिरिट. मग रेंज गेली. करंज्याचा डोंगर आडवा आला की जातेच.

पुढच्या वेळी ओहोटी होती. रेवस धरमतर खाडीच्या तोंडावर, तिथे गाळ इतका की पाणी उतरलं की लाँच बंदराला लागत नाही, भरतीची वाट बघत बसावं लागतं. मी सभ्यपणे ग्रुपवर टाकलं, लाँच डिलेड, स्टक इन मड. दहा मिनिटांत क्लायंटकडच्या बाईंचा मेसेज, व्हॉट काइंड ऑफ मड? सरांचा वेगळा, प्लीज टेक धिस ऑफलाइन. मी म्हटलं पाणी आलं की निघेल. त्यावर सरांनी विचारलं, हे पाणी कोणाकडून अप्रूव्ह व्हायचंय. आता चंद्राला सीसीमध्ये कसं घेणार?

मग मी हट्टाने डिक्शनरी काढली. इंग्रजीत लाँच दोन आहेत आणि दोघांचं एकमेकांशी नातंच नाही! सोडणं, भिरकावणं, रॉकेट उडवणं हा जो लाँच आहे तो जुन्या फ्रेंचमधून आलेला, भाल्याच्या घराण्यातला. होडीवाला लाँच आला पोर्तुगीज ‘लांचा’वरून, आणि त्याच्याही मागे डिक्शनरीवाले मलय भाषेकडे बोट दाखवतात, चपळ नावेच्या एका शब्दाकडे. चपळ! आमची लाँच त्यांनी बघितलेली दिसत नाही. ब्रिटिश आरमारात लढाऊ जहाजावर ज्या छोट्या होड्या असत त्यातल्या सगळ्यात मोठीला लाँच म्हणत, म्हणजे नोकरांमधली मोठी बाई, हे मात्र पटतं. आणि उगाच न्यूनगंड नको, इंग्रजीतली डिंगी, म्हणजे छोटी होडी, आपल्या हिंदी-बंगालीतून गेलेली आहे आणि गेटवेहून मांडव्याला एसी लावून जाते ती कॅटमरान म्हणजे तमिळ कट्टुमरम, बांधलेली लाकडं. त्या एसीत बसून ज्यूस पिणाऱ्यांना हे कोणीतरी सांगा.

मराठीत तर घोळच नाही खरं तर. आमची लाँच ‘ती’, ऑफिसचं लाँच ‘ते’. ती येते, ते होतं. एवढं सोपं व्याकरण पण सरांना कोण शिकवणार. जहाजं बांधणाऱ्या वाडियांनी मुंबईच्या गोदीत 1817 साली ट्रिंकोमाली नावाचं सागवानी जहाज पाण्यात सोडलं, ते अजून इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय, त्याला म्हणतात लाँच. आमचं ॲप पहिल्या अपडेटलाच तळाला गेलं.

घरच्या मराठीतही गंमत आहेच म्हणा. आमच्या आत्याला लाँच लागते. म्हणजे मळमळतं. आणि लाँच धक्क्याला टेकली की खलाशी ओरडतो, लाँच लागली, लाँच लागली! हे ऐकलं की आत्या आधी उठायच्या ऐवजी आवळासुपारीची डबी शोधते, अगो बाई कोणाला लागली, मला दे मला दे, आणि तोवर मागचे लोक आमच्या पिशव्यांवरून उतरून रिक्षा पकडून मोकळे.

पावसाळ्यात आणखी वेगळं, वारा-लाटा बघून लाँच सुटेल की नाही ते ठरतं. जुलैत मी रजेचा अर्ज टाकला, कारण: लाँच कॅन्सल्ड ड्यू टू वेदर. एचआरच्या पोरीने सरांना विचारलं आपण लाँच बाहेर मैदानात ठेवलंय का, पेंडॉल घालू या का.

शेवटी परवा सरांना बसवून सगळं नीट सांगितलं, फोटो दाखवले, लाकडी बाक, टपावर बांधलेली मोटरसायकल, कोपऱ्यात कोंबड्यांची टोपली. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले हे फारच ऑथेंटिक आहे, पुढची टीम आउटिंग इथेच करू, लाँच पे लाँच करेंगे, आणि स्वतःच्याच जोकवर इतके हसले की मलाही हसावं लागलं, अप्रेझल जवळ आहे. काल त्यांचा मेसेज आला, ड्रेस कोड काय? मी कळवलंय, पांढरे शूज नकोत, वाऱ्याच्या बाजूला बसायचं नाही, आणि निघण्याआधी मिसळ तर अजिबात नको.